मिरजेतल्या खासगी रुग्णालयांतली माणसं मोजताना : प्रकल्प नोंदी

काम असं होतं : मिरज आणि सांगलीतल्या खासगी रुग्णालयांत किती नर्स, किती टेक्निशियन, किती डॉक्टर प्रत्यक्ष काम करतात, ते शोधायचं. एका प्रशिक्षण संस्थेला कोर्सच्या जागा ठरवायच्या होत्या, त्यासाठी हा आकडा हवा होता. सरकारी दवाखान्यात मंजूर पदं असतात, भरलेली-रिकामी असा हिशोब कागदावर मिळतो. खासगीत तसलं काही नाही. मिरजेत तर १८९४ पासून मिशन हॉस्पिटल, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज, आणि त्यांच्या आजूबाजूला गल्लोगल्ली खासगी हॉस्पिटलं. पेशंट कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीपासून येतात. दुसऱ्या गावात कुणी हेच काम काढलं तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

२ जून २०२५

सुरुवात यादीपासून. महाराष्ट्रात केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू नाही; इथे चालतो तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. नोंदणी महापालिकेकडे, तीन वर्षांची. ती यादी मिळाली, पण यादीतली काही हॉस्पिटलं कधीच बंद झालेली, काहींनी नाव बदललेलं, आणि एका इमारतीत तीन मजल्यांवर तीन वेगळ्या नोंदण्या. नोंदणीच्या कागदांत स्टाफची नावंही असतात, त्यामुळे क्षणभर वाटलं की घरबसल्या काम झालं. ती नावं अर्ज करतानाची. त्यातल्या किती सिस्टर आज तिथे आहेत ते बघायला दोन ठिकाणी फोन केला. एका ठिकाणी एकही नव्हती.

५ जून

यादीचा प्रश्न कचऱ्याच्या गाडीने सोडवला. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून गोळा करणारी गाडी प्रत्येक हॉस्पिटलच्या दारात जातेच. पिवळ्या-लाल पिशव्यांवर बारकोड, प्रत्येक हॉस्पिटलचा वेगळा. ड्रायव्हर मामांसोबत सकाळी पुढच्या सीटवर बसून फेरी केली. कुठलं बंद पडलंय, कुठे नुसती ओपीडी राहिलीय, कुणी मागच्या महिन्यात नवीन आयसीयू टाकलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. एका नवीन हॉस्पिटलसमोर गाडी थांबवून म्हणाले, "हे तुमच्या कागदात नसणार, बघा." नव्हतं.

पालिकेची यादी आणि गाडीची फेरी एकमेकांशी जुळवून जी यादी झाली ती शेवटपर्यंत टिकली. सोनोग्राफी केंद्रांची पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालची यादी आणि महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलांची यादी नंतर ताडून पाहिली, फारशी भर पडली नाही. दुसऱ्या गावात करणाऱ्यांनी आधी गाडी गाठावी.

९ जून

गूगल फॉर्म पाठवला. डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका ओळखीच्या सरांनी टाकला, वर "कृपया सहकार्य करावे" असं लिहून. भरपूर अंगठे आले, दोन नमस्कार आले, भरलेले फॉर्म हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जे आले त्यात एकाने सगळ्या रकान्यांत १ लिहिलं होतं, बहुतेक पुढच्या पानावर जायला.

१२ जून

छापील फॉर्म. चार पानी, अठरा प्रकारची पदं, प्रत्येकापुढे पुरुष-स्त्री-पूर्णवेळ-अर्धवेळ-कंत्राटी. झेरॉक्सचा खर्च वाया गेला म्हणायला हरकत नाही, कारण रिसेप्शनवर दिलेला फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर जातो, औषध कंपन्यांच्या पॅडखाली दबतो आणि तिथेच राहतो. "सर बघतो म्हणाले" हे वाक्य ऐकून कान किटले. फॉर्म ठेवून येण्यात अर्थ नाही. बसून, विचारून, आपणच भरायचा.

१६ जून

वेळ सापडली : दुपारी दोन ते चार. सकाळची ओपीडी संपलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते. डॉक्टर घरी जेवायला गेलेले असतात आणि तेच बरं. सोमवारी मात्र जाऊच नये, तीनपर्यंत बाहेर चपलांचा ढीग असतो.

१८ जून

मालक डॉक्टरांना "तुमच्याकडे किती माणसं?" विचारलं की अठरा किंवा एकोणीस हे उत्तर वारंवार येतंय. मोठी, तीन मजली हॉस्पिटलंसुद्धा एकोणीसवर. भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० माणसांपासून लागतो. आम्ही पीएफवाले नाही हे कितीही सांगितलं तरी गळ्यात आयकार्ड आणि हातात फॉर्म म्हटल्यावर माणूस सावध होणारच. त्यांच्या जागी मीही झाले असते.

दोन बदल केले. फॉर्मवरून "एकूण कर्मचारी" हा रकानाच काढून टाकला. कुणाला बेरीज समोर दिसायला नको, ती आम्ही घरी करू. आणि पहिल्या पानावर चार ओळी ठळक छापल्या : हॉस्पिटलचं नाव कुठेही छापलं जाणार नाही, पगार विचारणार नाही, कुणाचंही पूर्ण नाव लिहून नेणार नाही, आणि हा कागद कुठल्याही सरकारी खात्याकडे जाणार नाही. चौथी ओळ छापण्याआधी काम देणाऱ्या संस्थेकडून तसं लेखी घेतलं. ते नसतं तर ती ओळ खोटी ठरली असती.

२० जून

आजचा दिवस सगळ्यात फळला. पंचवीस खाटांचं हाडांचं हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले होते, "सिस्टर चौदा-पंधरा असतील." वरच्या मजल्यावर नर्सिंग स्टेशनला इन्चार्ज सिस्टर सलाईनच्या बाटल्यांवर मार्करने वेळ लिहीत होत्या. त्यांनाही तोच प्रश्न विचारला तर मान वर न करता म्हणाल्या, "चार्ट बघा की. मला कशाला विचारताय?"

चार्ट औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. शाळेच्या आखीव वहीचं पान, डावीकडे नावं, वर तारखा, चौकोनांत डे, नाईट, ऑफ. शाईने लिहिलेली नावं आठ. त्यांखाली पेन्सिलने तीन, पुढे कंसात "ट्रे." म्हणजे ट्रेनी. मावशींचा चार्ट वेगळा, दाराच्या दुसऱ्या बाजूला, तिथे चार. आठ, तीन आणि चार : डॉक्टरांचे पंधरा झाले. ते खोटं बोलत नव्हते, पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं त्यांनी मोजली होती.

पुढची गंमत तासांची. आठातल्या पाच जणी बारा तासांची पाळी करतात, आठवड्यात सहा दिवस, म्हणजे ७२ तास. उरलेल्या तिघी आठ तासांच्या, म्हणजे ४८. एकूण ५०४ तास. ४८ तासांचा आठवडा धरला तर हे साडेदहा माणसांचं काम, करणाऱ्या आठ जणी. नुसती डोकी मोजली असती तर संस्थेला कळलंच नसतं की इथे आठ तासांची पाळी लावायची झाली तर आणखी दोन-तीन सिस्टर लागतील.

आजपासून पद्धत ठरली. मालकाकडून फक्त परवानगी घ्यायची. आकडे ड्युटी चार्टवरून, तेही इन्चार्ज सिस्टरसमोर बसून. चार्टचा फोटो काढायचा नाही (नावं असतात), जागेवर मोजून फॉर्मवर उतरवायचं. आधी भरलेली हॉस्पिटलं पुन्हा करायची; त्यात पंधरवडा गेला.

२४ जून

नव्या फॉर्ममध्ये पदांच्या अठरा ओळींऐवजी शिक्षणाच्या ओळी आहेत. कारण वॉर्डात सगळ्याच सिस्टर असतात : चार वर्षांचं बीएस्सी केलेली, तीन वर्षांचं जीएनएम केलेली, दोन वर्षांचं एएनएम केलेली, सहा महिन्यांचा खासगी सर्टिफिकेट कोर्स केलेली, आणि बारावीनंतर इथेच शिकलेली. शेवटच्या दोन गटांना नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही. "तुमचं शिक्षण काय?" असं सगळ्यांसमोर विचारणं क्रूरपणा आहे, हे पहिल्याच दिवशी एका मुलीचा चेहरा पाहून कळलं. इन्चार्जना एकटीला विचारायचं : "या नावांतल्या कौन्सिलच्या नोंदणीवाल्या किती?" त्या पटापट सांगतात. कुणाला इंजेक्शन द्यायला पाठवायचं आणि कुणाला नाही, हे त्यांना रोज ठरवावंच लागतं.

मिरजेची एक खास अडचण म्हणजे कर्नाटकात शिकलेल्या मुली. नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलची, काम इथे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या आकड्यांशी आमचा आकडा जुळवायला गेलं तर या मुली तिकडे दिसणारच नाहीत. वेगळा रकाना केला : नोंदणी कुठल्या राज्याची. सीमेवरच्या कुठल्याही गावात हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा.

३० जून

आजची तारीख संदर्भ-तारीख म्हणून पक्की केली. आधी "सध्या किती" असं विचारत होतो आणि जूनच्या सुरुवातीला मोजलेली सिस्टर महिनाअखेरीस दुसऱ्या हॉस्पिटलात भेटत होती. आता फॉर्म कधीही भरला तरी चार्ट ३० जून ज्या आठवड्यात आला त्या आठवड्याचा बघायचा. जुने चार्ट बहुतेक ठिकाणी एका खिळ्याला टोचून ठेवलेले असतात. जिथे फेकून दिलेले, तिथे जवळच्या आठवड्याचा घेऊन बाजूला तारीख लिहायची.

३ जुलै

मदतीला घेतलेल्या दोघांना पूर्ण फॉर्ममागे १५० रुपये ठरवले होते. फॉर्म भराभर यायला लागले, तिथेच शंका आली. सलग तीन हॉस्पिटलांत नाईटला दोन सिस्टर, एक मावशी, एक आरएमओ (निवासी डॉक्टर). जाऊन बघितलं तर एका ठिकाणी आरएमओ नाहीच, डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात आणि बेल वाजली की खाली येतात. मुलांचा दोष कमी, दराचा जास्त. दिवसाला ७०० रुपये केले, फॉर्म किती झाले ते विचारणं बंद. खर्च वाढला, वेगही अर्ध्यावर आला, पण फॉर्मच्या समासात टिपा यायला लागल्या. "डायलिसिसचे दोघे दुसऱ्या कंपनीचे आहेत" ही टीप अशीच आली आणि तिने पुढचं आठवडाभराचं काम लावलं.

८ जुलै

डायलिसिस युनिट बाहेरच्या कंपनीचं. मेडिकल स्टोअर डॉक्टरांच्या मेहुण्याचं. लॅब भाड्याने दिलेली, सफाई ठेकेदाराची, एक्स-रे तंत्रज्ञ तासावर. मग ही माणसं हॉस्पिटलची की नाहीत? मालकाच्या लेखी नाहीत, पेशंटच्या लेखी आहेत. आम्ही पेशंटची बाजू घेतली : ३० जूनच्या आठवड्यात या इमारतीत रुग्णसेवेचं काम कुणी केलं, पगार कोणीही देवो. पगार देणारा वेगळा असेल तर एक खूण. काऊंटरवरच्या फार्मासिस्टचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, तिथून शिक्षण कळतं. ते सद्गृहस्थ दुकानात असतात का, हे मात्र थांबून बघावं लागतं.

पॅथॉलॉजी लॅबचा विषय याहून नाजूक आहे. रिपोर्टवर सही एका पॅथॉलॉजिस्टची, आत काम करणारे डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेले. सहीवाल्यांना आम्ही फक्त प्रत्यक्ष हजर असलेल्या तासांपुरतं मोजलं. काही ठिकाणी ते शून्य आलं आणि शून्यच लिहिलं.

११ जुलै

होमिओपॅथीच्या रकान्यावरून काम अडलं. रात्रीचे आरएमओ बहुतांश बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी), हे गावातल्या पोरालाही माहीत आहे. पण नेमकं याच महिन्यात सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी सुरू करायची ठरली, अॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी विरोध केला आणि प्रकरण तापलं. कालपर्यंत "दोन बीएचएमएस आहेत" असं सहज सांगणारे मॅनेजर आज "तो रकाना राहू दे" म्हणतात. एका ठिकाणी भरून दिलेला फॉर्म परत मागून घेतला आणि ती ओळ खोडून दिली.

जबरदस्ती करून उपयोग नव्हता. रकाना "रात्रपाळीचे निवासी डॉक्टर" असा एकच केला आणि शाखा ऐच्छिक ठेवली. त्यामुळे शाखावार आकडा अर्धवटच राहणार. अहवालात तो देणार नाही, कारण ज्यांनी सांगितलं आणि ज्यांनी नाही सांगितलं त्या हॉस्पिटलांत फरक असणारच.

१७ जुलै

भूलतज्ज्ञ. नुसते फॉर्म बेरजेला घेतले तर मिरज-सांगलीत भूलतज्ज्ञांचा महापूर आलाय असं वाटावं. एकच डॉक्टर सकाळी सिझेरियनला एका ठिकाणी, दुपारी गुडघ्याला दुसरीकडे, रात्री अपेंडिक्सला तिसरीकडे. प्रत्येक हॉस्पिटल त्यांना आपलंच म्हणतं आणि पाटीवर नाव लावतं.

डुप्लिकेट काढायला नाव घ्यायचं नाही असं छापून बसलेलो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आरोग्य व्यावसायिकांचा आयडी विचारून पाहिला. तो काढलाय की नाही हेच बऱ्याच जणांना आठवेना. शेवटी नोंदणी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि विषय, एवढंच घेतलं. हॉस्पिटलच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर क्रमांक असतोच. भूलतज्ज्ञ या छोट्या गटात चार आकडे पुरतात. फिजिशियनमध्येही चालले. नर्सच्या बाबतीत चालले नाहीत, कारण संख्या मोठी आणि नोंदणी दोन राज्यांची. दोन ठिकाणी काम करणाऱ्या सिस्टर (दिवसा एकीकडे, नाईट दुसरीकडे) आमच्या डोक्यांच्या आकड्यात दोनदा आहेत. तासांच्या आकड्यात मात्र बरोबर आहेत. म्हणून पुढे वापरायचा तो तासांचाच आकडा.

२४ जुलै

संस्थेला "रिक्त जागा" हव्या होत्या. हा प्रश्न खासगीत चालत नाही. पद मंजूर कुणी केलं, म्हणून रिकामं असणार? बहुतेकांनी शून्य सांगितलं, आणि त्याच हॉस्पिटलच्या दारावर "स्टाफ नर्स पाहिजे" असा ए-फोर कागद चिकटवलेला. आता तीन साधे प्रश्न विचारतो : एप्रिलपासून किती जणी सोडून गेल्या, किती नवीन आल्या, आणि उद्या नोंदणीवाली सिस्टर दारात आली तर ठेवून घ्याल का? तिसऱ्यावर एका डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "उद्या कशाला, आत्ता पाठवा." सोडून गेलेल्या कुठे जातात हेही मग आपोआप कळतं : सरकारी भरती, पुणे, लग्न, किंवा समोरचं हॉस्पिटल.

५ ऑगस्ट

डेटा एंट्री. जीएनएम एकाच फाईलमध्ये सात तऱ्हांनी लिहिलेलं. ड्रॉपडाऊन लावले. पण खरी डोकेदुखी रिकाम्या चौकोनांची. रिकामं म्हणजे "नाही", की "विचारलं नाही", की "सांगितलं नाही"? ज्या फॉर्मांत हे कळत नव्हतं ते घेऊन पुन्हा दारोदार. आता नियम असा की चौकोन रिकामा ठेवायचाच नाही : नसेल तर ०, सांगितलं नाही तर "न", विचारायचं राहिलं तर "र". हा नियम पहिल्या फॉर्मवर छापलेला असता तर पेट्रोलचे बरेच पैसे वाचले असते.

२२ ऑगस्ट

पडताळणी. काही हॉस्पिटलं चिठ्ठ्या टाकून निवडली. रात्री साडेनऊनंतर नातेवाइकांसारखं जाऊन पाहिलं असतं तर सोपं झालं असतं, पण चोरून बघायचं नाही असं ठरवलं होतं. मालकांना सांगून, तारीख न सांगता गेलो. बऱ्याच ठिकाणी चार्टवर होत्या तेवढ्याच सिस्टर होत्या. जिथे कमी होत्या तिथे नेहमीचं कारण म्हणजे चार्टवरची दुसरी बाई ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) किंवा वरच्या खोलीत झोपलेली, "लागली तर उठवतो". झोपलेली मोजायची का, यावर आमच्यात वाद झाला. मोजली. ती इमारतीत आहे आणि हाक मारली तर येते.

२६ ऑगस्ट

उद्यापासून गणपती. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे ६ सप्टेंबर उलटेपर्यंत कुणालाही त्रास द्यायचा नाही. राहिलेली हॉस्पिटलं नंतर.

१८ सप्टेंबर

आज डॉक्टरांचा २४ तासांचा बंद, विषय तोच, सीसीएमपीचा. ओपीडी बंद, त्यामुळे मॅनेजर लोक निवांत. जुलैत "राहू दे" म्हणालेल्यांपैकी एकाने स्वतःहून चहा पाजला आणि रकाना भरून दिला. तारीख आजची टाकली, आकडे ३० जूनच्या आठवड्याचे. तरीही शाखावार तक्ता देण्याइतके फॉर्म झालेले नाहीत.

२६ सप्टेंबर

फाईल संस्थेकडे दिली. हॉस्पिटलचं नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारा कागद आमच्याकडे, कुलपात. तो फाईलसोबत गेलेला नाही. तक्ते खाटांच्या गटांनुसार आहेत. ज्या गटात पाचांपेक्षा कमी हॉस्पिटलं येतात तो शेजारच्या गटात मिसळला, नाहीतर "मिरजेतलं सर्वांत मोठं डोळ्यांचं हॉस्पिटल" म्हटल्यावर कोणीही ओळखेल.

नकार देणाऱ्यांत मोठी हॉस्पिटलं जास्त आहेत, कारण तिथे परवानगी एचआरकडून, एचआरची पुण्याहून, आणि पुण्याचा मेल अजून यायचाय. मोठ्या ठिकाणी नोंदणीवाल्या नर्स जास्त असाव्यात, त्यामुळे त्यांचं प्रमाण आमच्या तक्त्यात आहे त्याहून प्रत्यक्षात थोडं जास्त असावं, असा माझा अंदाज. तो तक्त्याखाली तळटीप म्हणून लिहिला आहे, तक्त्यात मिसळलेला नाही.

सहभागी हॉस्पिटलांना त्यांच्या गटाचा एकपानी तक्ता पोचवायचं काम सुरू आहे. हाडांच्या हॉस्पिटलातल्या इन्चार्ज सिस्टरनी तो वाचून तासांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे सरांना दाखवलं का?" दाखवलं होतं. सर म्हणाले, बघतो.